डाव्या टाचेखालचा डॉलर

शर्टाच्या गुंडीएवढ्या वस्तूला इतिहास असू नये, असं माझं आता पक्कं मत झालं आहे. इतिहासाला टेकायला जागा लागते. तोफेला असावा, चर्चच्या घंटेला असावा, फार तर पिढ्यान्पिढ्या वापरातल्या एखाद्या लोखंडी तव्याला असावा. पण बोटाच्या पेरावर मावणाऱ्या सोन्याच्या चकतीवर दीडशे वर्षं लादली, की ती घरंगळते. आणि घरंगळली की नेमकी जावयाच्या अंगावर येते.

ही चकती म्हणजे माझ्या सासूबाईंच्या घरचा सोन्याचा डॉलर. सासूबाईंना आमचं सगळं खोरं 'मिस ओडेसा' म्हणतं, म्हणून मीही तेच म्हणतो. जावई होऊन सव्वीस वर्षं झाली, पण याहून जवळचं काही म्हणायची परवानगी अजून आलेली नाही. डॉलर कापसात, कापूस तपकिरीच्या जुन्या पत्र्याच्या डबीत, आणि डबी मिस ओडेसांच्या उशाशी, बायबलच्या खाली. ती उघडायची फक्त घरातल्या मुलीच्या लग्नात. नवरीच्या डाव्या बुटात, टाचेखाली तो डॉलर ठेवायचा आणि तसंच वेदीपर्यंत चालत जायचं. ठेवताना घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईने म्हणायचं :

*सोनं डाव्या टाचेखाली, वाट उजव्या पायी,*
*जाता जाता पोरी, मागं वळून बघू नाही.*

माझ्या बायकोच्या, लोरीनाच्या बुटात तो होता. आता आमच्या कॅलीचं लग्न ठरलं होतं आणि तिच्या बुटात तो असणार होता. इथवर सगळं शेकडो वर्षं चालावं तसं चाललं होतं. मग मी त्यात सुधारणा करायला गेलो.

सुधारणा अगदीच लहान होती. जेवणाच्या टेबलावर प्रत्येक पाहुण्याच्या ताटाशी एक छापील कार्ड ठेवायचं. त्यावर तीन ओळी : आज नवरीच्या बुटात असलेला हा सोन्याचा डॉलर १८४९ सालचा. तिची पूर्वज टॅलिथा हिच्या नवऱ्याने इथल्या ओढ्यात वाळूचं घमेलं हलवून स्वतः काढलेल्या सोन्याचा. पाडला इथून बारा मैलांवर, डलॉनेगाच्या टांकसाळीत.

बस, एवढंच. मी जिल्ह्याच्या जमीन-नोंदणी कचेरीत एकोणतीस वर्षं काढली आहेत. वस्तू आहे आणि तिचा कागद नाही, हे मला झोपू देत नाही.

मजकूर मिस ओडेसांनी सांगितला, मी उतरवून घेतला, छापखान्याने एकशे चाळीस कार्डं छापून दिली. आणि त्यानंतर मी डॉलर बघायला मागितला. आधी नोंद आणि मागाहून पाहणी ही आमच्या कचेरीची जुनी पद्धत आहे, आणि तिने आजवर फारसं कुणाचं वाईट झालेलं नाही.

मिस ओडेसांनी डबी माझ्या हातावर ठेवली, पण सोडली नाही.

"वेंडेल, तुझं ते घड्याळ कुठंय? लोरीनानं दिलेलं?"

"हरवलं, मॅम."

"आणि त्याआधीचं?"

"तेही, मॅम."

"हं," त्या म्हणाल्या आणि डबी सोडली. त्यांच्या 'हं'मध्ये माणसाला बसायला खुर्ची नसते.

घरी येऊन मी भिंग लावलं. एका बाजूला डोक्यावर पिसांचा मुकुट घातलेली बाई. दुसऱ्या बाजूला कणसांचा आणि पानांचा वेढा, मधे '१ डॉलर', आणि त्याखाली साल. साल होतं १८७४.

भिंग पुसलं. चष्मा पुसला. १८७४.

"मग काय झालं?" लोरीना भेंडी चिरत म्हणाली. ती नवऱ्याचे शोध भाजी चिरतानाच ऐकते.

"टॅलिथाचं लग्न एकोणपन्नासला झालं. नाणं चौऱ्याहत्तरचं. डलॉनेगाची टांकसाळ तर एकसष्टलाच बंद पडली. तिथल्या नाण्याला वेढ्याखाली 'डी' असतो, इथं काहीच नाही."

"मग तिचं लग्न चौऱ्याहत्तरला झालं असेल."

"तोवर तिला नऊ पोरं होती."

"वेंडेल, हा डोंगर आहे. इथं असं होतं." तिने सुरी खाली ठेवली. "हे आईच्या कानावर जाता कामा नये. चौऱ्याऐंशी वर्षं ती टॅलिथाच्या सोन्यावर उभी आहे. तू तिच्या पायाखालचं काढून घेऊ नकोस."

मी गप्प बसलो. पण गप्प बसणं आणि स्वस्थ बसणं यात फरक आहे. मी कुंपणापाशी गेलो. कुंपणापलीकडे हॉइट प्रुइट राहतो. तो टेलिफोन कंपनीतून निवृत्त झालेला आहे आणि तेव्हापासून जगातल्या सगळ्या विषयांवर थेट लाइन लावून बसला आहे.

"डी असता तरी उपयोग नव्हता," हॉइट म्हणाला. "डी म्हणजे डेन्व्हर."

"डेन्व्हरला तेव्हा टांकसाळच नव्हती, हॉइट."

"म्हणूनच तर तुझ्या नाण्यावर डी नाहीये. बघ, जमलं ना?"

हॉइटशी वाद घालणं म्हणजे माजलेल्या रानवेलीशी झगडणं आहे. तुम्ही एक फांदी तोडता, तोवर त्याने तुमचं गॅरेज झाकलेलं असतं. मी शेजारच्या गावी स्ट्राउडकडे गेलो. न्हाव्याचं दुकान आणि माशांच्या गळाला लावायच्या किड्यांचं दुकान यांच्या मधे ऑर्विल स्ट्राउड जुनी नाणी विकतो. त्यामुळे त्याच्याकडचा इतिहास नेहमी थोडा साबणाचा आणि थोडा गांडुळांचा वास घेऊन येतो.

स्ट्राउडने डॉलर चिमटीने कडेवर धरला. मग हळू आवाजात, आजारी माणसाबद्दल बोलावं तसं बोलू लागला.

"सोन्याच्या डॉलरवर तीन बायका होऊन गेल्या, मिस्टर टेटम. तिन्ही एकाच नक्षीकाराने काढलेल्या. पहिली एकोणपन्नासची. डोक्यावर पिसंबिसं काही नाहीत, केसांत एक लहानशी पट्टी, भोवती तेरा चांदण्या. देखणी बाई. पण नाणं एवढं बारकं, की लोकांच्या खिशाच्या शिवणीतून जायचं. तेव्हा चोपन्न साली ते जरा रुंद आणि पातळ केलं, आणि बाईला पिसं आली. ही दुसरी. हिचा चेहरा इतका उठावाचा, की ठोका पडला की सगळं सोनं हिच्या गालात जायचं आणि पाठीमागे सालच उमटायचं नाही. डलॉनेगाला तर अशी निघाली, की सालाच्या जागी नुसता धुकट डाग."

"म्हणजे बाई दिसायला चांगली, पण साल विचारायची सोय नाही."

"बायकांचं तसंच बरं असतं," स्ट्राउड म्हणाला. "ती दोन वर्षं टिकली. मग तिचं डोकं मोठं आणि चपटं केलं, आणि ती तिसरी एकोणनव्वदपर्यंत चालली. तुमची ही तिसरी. तब्येत बरी आहे, पण अशा पुष्कळ आहेत."

मला माझ्या सासुरवाडीच्या वतीने जरा लागलं.

"पुढं बंद का केला हो हा डॉलर?"

"कारणं पुष्कळ. पण माझं विचाराल तर," स्ट्राउडने डॉलर परत कापसात ठेवला, "पुरुषांच्या हाती द्यायच्या मापाची वस्तूच नव्हती ती."

याच्यानंतर आठवडाभर मी रोज एकदा डबी उघडून बघायचो. माणूस आशेवर जगतो. सातचा चार आणि चारचा नऊ झाला आहे का, एवढंच बघायचो. त्या शनिवारीही बघितलं. डबी ड्रेसरवर उघडी ठेवली आणि लग्नाचा कोट घालून बघायला घेतला. हात बाहीत शिरला, बाहीने कोपर शोधलं, कोपराने डबी शोधली.

हिवाळ्यात खोलीत गरम हवा सोडणाऱ्या नळीच्या, जमिनीतल्या जाळीवर 'टिंग' असं वाजलं. त्यानंतर काहीच वाजलं नाही.

मी गुडघ्यांवर आलो. जाळीच्या पट्ट्यांमधून खाली काळोख दिसत होता. शेजारी लोरीनाने आणलेले माझे नवे काळे बूट जिभा बाहेर काढून उभे होते.

"काय पडलं?" लोरीनाने खालून विचारलं.

"गुंडी," मी म्हणालो.

ती वर आली. तिने उघडी डबी पाहिली, मला पाहिलं. मग तिने बूट उचलले, खोक्यात घातले, खोकं कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलं आणि म्हणाली, "निदान यांना तरी लग्नापर्यंत हात लावू नकोस."

लग्नाला तेरा दिवस होते.

आधी मी विमा कंपनीला फोन केला, कारण हप्ते भरले असले की माणसाला दुःख करायचा हक्क वाटतो. पलीकडची मुलगी फार गोड बोलली. घरात हरवलेल्या रोख पैशाला संरक्षण आहे, म्हणाली. नाण्यावर किंमत किती लिहिली आहे?

"एक डॉलर. पण..."

"मग सर, आम्ही एक डॉलर देऊ शकतो."

यानंतर हॉइट आपलं धातू शोधायचं यंत्र घेऊन आला. यंत्र फार प्रामाणिक होतं. माझ्या घरात किती खिळे आहेत, हे त्याने एकेक करून सांगितलं. दोन तासांनी हॉइटने कानांवरचे हेडफोन काढले आणि निदान दिलं, "नळी उघडावी लागेल. जमिनीखालून."

"परवाना लागेल त्याला."

"मग काढ. तू तर तिथंच नोकरीला आहेस."

हेच तर दुःख होतं. परवान्याची खिडकी आमच्याच इमारतीत, माझ्या टेबलाच्या बरोब्बर खालच्या मजल्यावर आहे. खिडकीत मिस व्हर्बिना बसते. गेली एकोणीस वर्षं तिने आणि मी एकमेकांना मोसमाप्रमाणे टोमॅटो आणि अक्रोडासारखे पेकन दिले आहेत. मला वाटलं होतं, याचा काही उपयोग होईल.

"कामाचं कारण?" तिने विचारलं.

"नळीत डॉलर पडलाय."

"किती डॉलर?"

"एक."

मिस व्हर्बिनाने पेन खाली ठेवलं. "वेंडेल, परवानाच चाळीस डॉलरचा आहे, बाबा."

"सोन्याचा आहे गं."

"असं." तिने तो अर्ज बाजूला सारला आणि खालच्या खणातून पिवळट पडलेला दुसरा काढला. "जमिनीखालून सोनं काढायचं असेल तर हा लागतो. खनिजाचा."

"मी खाण काढत नाहीये, व्हर्बिना. माझं नाणं काढतोय."

"जमिनीखाली?"

"हो."

"सोनं?"

"हो, पण..."

"मग भर."

मी भरला. या प्रांतात सोन्यापायी वेडी झालेली माणसं इतकी होऊन गेली आहेत, की कचेरीने त्यांच्यासाठी रकाना ठेवला आहे, आणि एकदा रकाना असला की त्यात कुणीतरी बसावंच लागतं. 'खाणीचा प्रकार' या रकान्यात मी 'शयनगृह' लिहिलं.

हॉइटने परवान्याची वाट पाहिली नाही. मी घरी आलो, तोवर त्याने अंगणाच्या बाजूने पायापाशी माणूस शिरेल एवढं भगदाड पाडलं होतं. त्याच्या मागोमाग निरीक्षक आला. त्याने भगदाड पाहिलं, माझ्या अर्जाची प्रत पाहिली आणि आमच्या पुढच्या दारावर लाल कागद डकवला : 'खाणकाम स्थगित.'

त्या दिवशी चार वाजता कॅलीसाठी चर्चमधल्या बायका भेटवस्तू घेऊन यायच्या होत्या. आल्या. एकेकीने लाल कागद वाचला, एकेकीने माझ्याकडे करुणेने पाहिलं, आणि आत जाऊन चीजचे सँडविच खाल्ले. मिस ओडेसांनी लाल कागदावरून बोटं फिरवली. त्यांच्या डोळ्यांत दोन्हीकडे मोतीबिंदू आहेत. वाचायचं ते त्या हाताने वाचतात.

"काय खणतोयस, वेंडेल?"

"गरम हवेची नळी साफ करतोय, मॅम."

"जूनमध्ये."

"हो, मॅम."

"हं."

लाल कागद लागायच्या आधीच हॉइटने नळीतून काय काढलं होतं ते सांगतो. केसाच्या सदतीस पिना, एक अंगुस्तान, कॅलीचा पहिला दुधाचा दात, जो दातांच्या परीने नेला असं आम्ही तिला शपथेवर सांगितलं होतं, आणि माझी दोन्ही घड्याळं. डॉलर नव्हता.

घड्याळं पुसून मी दोन्ही मनगटांवर बांधली आणि पायरीवर बसलो. हॉइट शेजारी येऊन बसला. त्याच्या भुवयांवर माझ्या घराखालची माती होती.

"एक गोष्ट सांगू का?" तो म्हणाला. "म्हातारीला दिसत नाही. दुसरा घे, ठेव डबीत."

वीस वर्षांत हॉइटने दिलेला हा पहिला सल्ला होता, जो मला त्याने बोलण्याआधीच सुचलेला होता. ते मी त्याला सांगितलं नाही.

स्ट्राउडने ट्रे पुढे केला. चौऱ्याहत्तरचे, पिसांच्या मोठ्या डोक्याचे दोन डॉलर होते. हुबेहूब आमच्यासारखे. मी त्यातला एक घ्यायचा, डबीत ठेवायचा आणि विषय मिटवायचा. कुठल्याही सरळ माणसाने हेच केलं असतं. पण मी नोंदणी कचेरीतला माणूस आहे. ट्रेच्या कोपऱ्यात एक बारकी, चांदण्यांची बाई बसली होती. साल १८४९. वेढ्याखाली 'डी' नव्हता, ती फिलाडेल्फियाची होती. डीची बाई स्ट्राउडने दुसऱ्या तिजोरीतून नुसती दाखवली. तिची किंमत ऐकून मी ती परत आत ठेवायला सांगितलं. पण साल! माझ्या घरी एकशे चाळीस कार्डांवर हेच साल छापलेलं होतं. एकोणतीस वर्षांत मी एक गोष्ट शिकलो आहे : कागद आणि जमीन जुळत नसतील, तर कागद बदलू नये, त्याने घोळ होतो. जमीन हलवावी.

मी चांदण्यांची बाई घेतली.

ती नाणी पारखणाऱ्या तपासनिसांनी कडक प्लास्टिकच्या जाड पाकिटात कायमची बंद केलेली होती. वर शिक्का, वर नंबर. "हे फोडलंत की हमी गेली," स्ट्राउड म्हणाला. "जगात याहून सुरक्षित जागा नाही तिला."

"पण मला ती बुटात घालायचीय."

स्ट्राउडने ट्रे उचलला. मग म्हणाला, "मी हे ऐकलेलं नाही," आणि मागच्या खोलीत निघून गेला.

पाकीट हॉइटच्या गॅरेजात फोडलं. आधी सुरीने, मग करवतीने, शेवटी बाकाला बसवलेल्या लोखंडी पकडीत आवळून. चौथ्या पिळाला प्लास्टिक बंदुकीसारखं वाजलं आणि पहिली बाई, एकदाची मोकळी होऊन, हॉइटच्या कॉफीत पडली. त्याने कॉफी न पिता ती बशीत ओतली. मी त्याला कायमचा मित्र मानतो.

लग्नाच्या दिवशी नवरीची खोली म्हणजे चर्चमधला लहान मुलांच्या रविवारच्या शाळेचा वर्ग होता. भिंतीवर कागदी मेंढ्या, आणि बसायला वीतभर उंचीच्या खुर्च्या. त्यातल्या एकीवर मिस ओडेसा ताठ बसल्या होत्या, जणू ती त्यांच्यासाठीच मापून केलेली होती. कॅलीने पांढरा बूट काढून डावा पाय पुढे केला. लोरीना दाराशी उभी राहून रुमाल पिळत होती. मी डबी दिली.

मिस ओडेसांनी कापूस उलगडला. डॉलर तर्जनीवर घेतला, अंगठा त्यावर ठेवला. ओठ हलले, "सोनं डाव्या..." आणि अंगठा थांबला.

मी मेंढ्या मोजायला सुरुवात केली.

"कॅली, राणी," त्या म्हणाल्या, "आईला घेऊन जरा बाहेर जा. घोटभर पाणी पी. मला वेंडेलशी बोलायचंय."

"आजी, पण लोक बसलेत."

"बसलेत तर बसू दे. उभे असते तर घाई होती."

दार लागलं. बाहेर ऑर्गन तोच तो सूर पुन्हा पुन्हा वाजवत होता.

"ही आमची नव्हे," मिस ओडेसा म्हणाल्या.

कचेरीत आम्ही विचारल्याखेरीज बोलत नाही.

"आमच्या बाईच्या डोक्यावर पिसं होती. हिच्या नाहीत. हिच्याभोवती चांदण्या आहेत. तेरा. डोळे गेले, वेंडेल, अंगठा नाही गेला. हरवलास?"

"हो, मॅम."

"कसा?"

"कार्डासाठी साल बघत होतो, मॅम. मग परत परत बघत राहिलो."

"म्हणजे सुधारणा करत होतास."

"हो, मॅम. मिस ओडेसा, मला फार वाईट वाटतंय. टॅलिथाच्या हातचं तेवढंच राहिलं होतं तुमच्याकडं, आणि..."

"रॉइसनं गिळलं ते," मिस ओडेसा म्हणाल्या.

रॉइस म्हणजे माझे सासरे. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. तसबिरीत ते फार करारी दिसतात.

"आमच्या लग्नाला दोन महिने झाले होते. खरं सोनं आहे का, ते त्याला दात लावून बघायचं होतं. दात लावला, आणि तेवढ्यात माझी आई दारात आली. त्यानं गिळलं. मग तीन दिवस घमेलं घेऊन मागच्या ओढ्याशी जाऊन बसायचा. मला सांगायचा, मासे धरतोय. या डोंगरातल्या पुरुषाला घमेलं हलवायला शिकवावं लागत नाही. पण नाही सापडलं. चौथ्या दिवशी गुपचूप दुसरं आणून डबीत ठेवलं. माझ्या बाईचं डोकं लहान होतं, साल धड उठलेलं नव्हतं. त्यानं आणली तिचं डोकं हे एवढं मोठं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मासे लागले का, म्हणून विचारलं."

मी खुर्चीवर बसलो. ती इतकी लहान होती, की माझे गुडघे कानांशी आले. "आणि ती लहान डोक्याची? ती टॅलिथाची?"

"ती माझ्या वडलांनी आणलेली. त्यांना पहिल्या डॉलरला भोक पाडून तो आईच्या गळ्यात घालायचा होता. खेचरांच्या बाजारात एकजण भोकं पाडून द्यायचा. सकाळी डॉलर घेऊन गेले, संध्याकाळी खेचर घेऊन आले. खेचर चांगलं होतं. पण आजीला कळलं. ती मला सांगायची, ओडेसा, माझ्या बाईच्या डोक्यावर पिसं नव्हती गं. तिच्याभोवती नुसत्या चांदण्या होत्या."

ऑर्गन मधेच एक सूर विसरला आणि पुन्हा सापडला.

"म्हणजे मी आणली ती..."

"हो. हिंडून-फिरून तीच आली घरी." त्यांनी डॉलर उलटा केला, वेढ्याखाली अंगठा फिरवला. "खाली अक्षर नाही मात्र."

"अक्षर असलेली फार महाग होती, मॅम."

"राहू दे. ते पुढच्या जावयावर सोडू."

"आणि कार्डं? त्यावर छापलंय की टॅलिथाचं सोनं..."

"कार्डं राहू देत टेबलावर. आमच्या घरात हा डॉलर कुणी खरा म्हणून ठेवत नाही, वेंडेल. ठेवतात म्हणून खरा." त्यांनी हात पुढे केले आणि मी दोन्ही हातांनी धरून त्यांना उठवलं. त्यांचं वजन खुर्चीपेक्षा फार जास्त नव्हतं. "बोलाव पोरीला. आणि दोन्ही हातांत घड्याळं कशाला घातलीयस?"

कॅली आली. डॉलर बुटात गेला, बूट पायात गेला, मिस ओडेसांनी गाणं अर्धं राहिलं होतं तिथून पुढं म्हटलं. मी येताना कपाटातून आणलेल्या खोक्यातले नवे बूट घाईघाईने चढवले, मुलीला हात दिला, आणि आम्ही दोघं दारातून बाकांच्या मधल्या वाटेवर आलो.

पहिल्याच पावलाला माझ्या डाव्या टाचेत काहीतरी रुतलं.

नवा बूट चावतो, हे मी समजू शकतो. पण नवा बूट सहसा सगळीकडून चावतो. हा एकाच जागी, शर्टाच्या गुंडीएवढ्या जागी चावत होता. चौथ्या पावलाला मला ते 'टिंग' आठवलं, आणि त्यानंतर काहीच न वाजलेलं आठवलं, आणि जिभा बाहेर काढलेले बूट आठवले. थांबता येत नव्हतं. मागे वळता येत नव्हतं, गाण्यातच तशी मनाई आहे. मी लंगडत चालू लागलो.

"डॅडी, रडू नका ना," कॅली ओठांच्या कोपऱ्यातून म्हणाली.

"टाच आहे, बाळा."

"माझीपण टोचतीय."

डावं पाऊल पडलं की आम्ही दोघंही थोडे डावीकडे कलायचो. बाकांवरच्या बायकांनी रुमाल काढले. बापाच्या पायातलं बळच गेलं, असं पुढे महिनाभर सगळीकडे सांगितलं गेलं. चौथ्या बाकावरून हॉइट कुजबुजला, "गुडघा काय रे? बर्फ लाव." मी वेदीशी पोचलो, मुलीचा हात नवरदेवाच्या, डाल्टनच्या हातात दिला आणि एका पायावर उभा राहिलो.

जेवणाच्या वेळी टेबलाखाली बूट काढला. १८७४. पिसं. ती माझ्या मोज्याला चिकटून बसली होती आणि तिचं मोठं डोकं माझ्या टाचेवर स्पष्ट उमटलं होतं. इतका स्वच्छ ठसा डलॉनेगाला कधी निघाला नसेल.

मिस ओडेसा हॅम आणि बटाट्याचं सॅलड घेऊन एकट्याच बसल्या होत्या. मी डॉलर त्यांच्या तळहातावर ठेवला. अंगठा आला, थांबला, आणि मग त्या मोठ्या डोक्यावरून बराच वेळ फिरत राहिला.

"रॉइसची," त्या म्हणाल्या.

"हो, मॅम. बुटात होती."

"आजवर कुणाची परत आली नव्हती." पुन्हा एकदा अंगठा फिरला. मग त्यांनी मान वळवली. "तो टकटक आवाज कसला येतोय?"

मी पाहिलं. आमचा नवा जावई डाल्टन, लग्नाचा कोट काढून, गोड चहाच्या पिंपाची तोटी खिशातल्या चाकूने सुटी करत होता. तिच्यातून चहा फार हळू येतो, असं तो पाहुण्यांना समजावून सांगत होता. रांग थांबली होती. त्याच्या पायाशी तपकिरी डबकं वाढत होतं.

मी मिस ओडेसांना सांगितलं.

"हं," त्या म्हणाल्या. या वेळच्या 'हं'मध्ये मला वाटतं खुर्ची होती. त्यांनी डॉलर माझ्या मुठीत दाबला आणि मूठ बंद केली. "ही तुझ्याकडे ठेव. त्याची हरवली, की त्याला दे. लगेच नको देऊ. आधी त्या नाणेवाल्याकडे त्याला दोन खेपा घालू दे."

मी ती परत बुटात ठेवली. माझ्या हातून काही न हरवलेली जागा तेवढी एकच आहे.